पदरात बांधलेला वास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, रविवारी विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. माझ्याकडे बघून कुणाला वाटणारही नाही की हिच्याजवळ लपवण्यासारखं काही असेल. भिवंडीतल्या गोदामांमध्ये मला ‘पाकोळीवाल्या मॅडम’ म्हणतात. विषारी औषध न मारता, धुरी न देता धान्य आणि सुकामेवा किड्यांपासून कसा राखायचा, ते मी शिकवते. माझी पद्धत म्हणून शिकवते.

माझी पद्धत. हे दोन शब्द मी किती वेळा उच्चारले असतील?

सरळ सांगायला गेले तर जमणार नाही. थोडं लांबून येते. तुम्ही ऐका.

मी इथल्याच, भिवंडीतल्या टेमघरची. वडील लूमवर होते. दोन शिफ्टमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि अंजूरच्या एका गोदामात ‘क्वालिटी’ला लागले. बदाम, मनुका, खजूर, बेसन, डाळी — छतापर्यंत थप्प्या, आणि थप्प्यांच्या मधून जायला पाच गल्ल्या. वयाच्या चोविसाव्या वर्षी गळ्यात ओळखपत्र आणि हातात पॅड. हमाल बाजूला होऊन वाट द्यायचे. मला ते आवडायचं — हेही आत्ताच सांगून टाकते.

आमच्या गोदामाचा खरा मालक म्हणजे एक पाकोळी होती. बोटाच्या नखाएवढी, पंखांचा अंगाकडचा भाग फिका आणि टोकाकडचा तांबूस. तुमच्याही स्वयंपाकघरात असेल; डब्यातल्या पिठाला जाळी धरते, ती तिचीच. पूर्वी धुरी द्यायचे. धुरीनंतर हमालांची डोकी दुखायची, उलट्या व्हायच्या, आणि महिन्याभरात पाकोळ्या परत हजर. मग एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली की मालाच्या आसपास विष नको. मॅनेजर सरांनी कुठूनतरी पुठ्ठ्याचे तिकोनी सापळे मागवले. आत चिकट तळ आणि मधोमध खोडरबराएवढी एक गोळी. त्या गोळीला मादीचा वास. माणसाच्या नाकाला काहीही कळत नाही, पण नराला कळतं. तो त्या वासामागे उडत येतो आणि चिकटतो. याला कामगंध सापळा म्हणतात. हमालांना मी हे हिंदीतून समजावलं, ते खो-खो हसले आणि मीच लाजले.

सापळे मी शटरजवळ टांगले. का? तिथे हात पोचत होता. माझं टेबल तिथून दिसत होतं. आठवड्यात तळ काळाभोर. सर खूश — “वा, कितने पकडे!” पण मालातली जाळी कमी होईना. उलट वाढली.

तेव्हा ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. चांगुणामावशी.

ती झाडलोट करायची. अंजूरचीच. सासरची बरीचशी जमीन गोदामांखाली गेली होती, खाडीच्या अंगाला एक तुकडा उरला होता. पोरं कमावती होती. तरी ती कामाला यायची. घरात बसून अंग दुखतं म्हणायची. पन्नाशी उलटलेली, नाकीडोळी नीटस, आणि बोलणं कसं — समोर कोणी का असेना, अरे-तुरे. मला ‘म्याडम’ म्हणायची आणि त्याच वाक्यात ‘तू’.

झाडू टेकवून ती सापळ्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, “म्याडम, तू पाकोल्या मारतस का बोलावतस?”

मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं.

“न्हाय गो,” ती म्हणाली. “आमी खाडीत खेकडं धरतो. आमिषाचा वास पान्याबरोबर जातं, त्या वाटंनं खेकडा येतं. वाऱ्याचं पन तसंच. तू दारात आमिष टांगलंस. भाईरच्या पाकोल्या आत आल्या. आतल्या हायेत तशाच हायेत.”

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. तिनं शाळेचं तोंड पाहिलं होतं की नाही, माहीत नाही. आणि तिनं दोन मिनिटांत मला माझी चूक दाखवली. मला राग यायला हवा होता. नाही आला. खरंच सांगते, त्या दिवशी मला नुसतं नवल वाटलं. सापळे आम्ही आत, गल्ल्यांमध्ये हलवले.

पुढे तिनं जे केलं, ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. जुन्या झालेल्या गोळ्या मी टाकून द्यायचे. त्यातली एक तिनं उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. असंच, काहीतरी उपयोगी असेल म्हणून. संध्याकाळी सुटी व्हायच्या आधी ती चार नंबर गल्ली झाडत होती, तर पदराभोवती पाकोळ्या. दोन, चार, सात. एक हमाल ओरडला, “मौसी, आशिक आ गए तुम्हारे!” मावशी हसली. पण हसता हसता तिनं पदराकडे पाहिलं, मग पाकोळ्यांकडे, मग गल्लीच्या टोकाकडे. आणि झाडू ठेवून ती चालू लागली.

पाचही गल्ल्या ती चालली. सावकाश. देवळात प्रदक्षिणा घालावी तशी. एक नंबरला काही नाही. दोन, तीन — एखादी. चार नंबरच्या मध्यावर मात्र झुंबड. तिथे तिनं भिंतीवर खडूची फुली मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही फुल्या हातभर अंतरात.

“इथं मादी हाय,” ती म्हणाली. “जवल कुटंतरी. नर तिच्यासाटीच इथं घोटालतात, मी मधीच आली म्हनून माज्याकडं वलले.”

आम्ही ती थप्पी उतरवली. मागे, भिंतीला लागून, फाटलेलं बदामाचं पोतं. कधीचं पडलेलं, कुणाच्या लक्षातच नव्हतं. आतून सगळं जाळ्यानं विणलेलं. ते पोतं काढलं, फट खरवडून साफ केली, आणि पंधरा दिवसांत चार नंबरचा सापळा जवळजवळ रिकामा. विषाचा एक थेंब नाही!

तुम्हाला कळतंय ना, हे केवढं मोठं होतं? सापळा मारण्यासाठी नसतो, विचारण्यासाठी असतो. नर कुठे गोळा होतो ते बघा, तोच तुम्हाला घर दाखवील. हे मी नंतर जाडजूड पुस्तकांत वाचलं. पण पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या पदराशी.

आणि तेवढ्यावर ती थांबली नाही. अळ्यांवर तिची नजर गेली. पोट भरलं की अळी माल सोडून भिंतीनं वर चढते, कोषात जायला आडोसा शोधते. मावशी म्हणायची, “पोटुशी बाई माहेरी निगते तशी निगते.” मग तिनं खोक्यांचे नळीनळीचे पुठ्ठे फाडले आणि भिंतींना पट्ट्यासारखे बांधले. अळ्या त्या नळ्यांत शिरून बसायच्या. दर शनिवारी मावशी पट्टे सोडायची, मागच्या अंगणात जाळायची, नवे बांधायची. एवढं साधं. मी तिच्यामागे पॅड घेऊन फिरायचे आणि आकडे लिहायचे. ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. आम्ही दोघी पाकोळ्यांबद्दल अशा बोलायचो, जशा बायका शेजारच्या घराबद्दल बोलतात.

तर — अहवाल. वरच्या ऑफिसला अहवाल पाठवायचा होता. मी लिहिला. नकाशा, आकडे, पट्टे, सगळं. ‘मी निरीक्षण केले’, ‘मी ठरवले’, ‘माझ्या लक्षात आले’. चांगुणामावशीचं नाव त्यात नव्हतं. साहेब बघायला आले तेव्हा मी गल्लीगल्लीतून त्यांना फिरवलं, आणि ती शटरपाशी झाडू घेऊन उभी होती, तोंडभर हसत. माझं कौतुक झालं याचा तिला आनंद झाला होता. तिच्या मनात आलंच नसेल का, की हे आपलं आहे? की आलं होतं, आणि तिनं मला देऊन टाकलं? मी कधी विचारलं नाही.

पण हे ते नाही. जे सांगायचं आहे, ते हे नाही. एवढंच असतं तर मी ते केव्हाच कुणाला तरी हसत हसत सांगून मोकळी झाले असते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बाजारातून मनुकांचा माल परत आला. परत आलेला माल उघडून तपासायचा, वेगळा ठेवायचा, शंका वाटली तर थंड खोलीत टाकायचा — नियम मीच लिहिलेला. त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीची हळद होती. मला चार वाजता निघायचं होतं. मी एकही खोकं न उघडता सही केली. ‘तपासले, ठीक.’ माल दोन नंबर गल्लीत, चांगल्या मालाला खेटून लागला.

तीन आठवड्यांनी मावशी माझ्या टेबलापाशी आली. “म्याडम, दोन नंबरात कायतरी हाय. सापला हलवू का? कुटून येतात ते बगते.” मी म्हटलं, हलव. तिनं दोन-तीन जागा बदलल्या आणि बोट बरोबर त्या मनुकांवर ठेवलं. मला माहीतच होतं. तिनं ‘दोन नंबर’ म्हटलं तेव्हाच मला हळदीचा तो दिवस आठवला होता. माल उघडावा तर माझी सही बाहेर येणार. मी म्हटलं, “सोमवारी बघू.” सोमवारी म्हटलं, गुरुवारी. तिनं तिसऱ्यांदा आठवण केली तेव्हा मी तिच्यावर खेकसले. ती झाडू उचलून कामाला लागली.

गुरुवारच्या आत त्या गल्लीतला माल दिवाळीच्या भेटडब्यांत भरला गेला. कुणाच्या तरी घरी डबा उघडला आणि आत अळ्या. विष नको म्हणणाऱ्या त्या मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सापळ्यांची वही समोर. दोन नंबरचे रकाने रिकामे, कारण सापळा एका जागी नव्हता. “अस्मिता, ये दो नंबर की रीडिंग क्यों नहीं है?”

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी म्हणाले, “सर, मावशी सापळे इकडेतिकडे हलवते. मला न विचारता.”

बस्स. दोन वाक्यं. सरांना तेवढं पुरलं. परत आलेल्या मालाची फाइल कपाटात होती, माझ्या सहीसकट. ती कुणीच उघडली नाही. उघडायची गरजच उरली नव्हती ना. मावशी कंत्राटावर होती. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायला कागदसुद्धा लागला नाही.

केबिनच्या काचेतून ती दिसत होती. पुठ्ठ्याचे पट्टे बांधत होती.

आता तुम्ही म्हणाल, झालं सांगून. नाही. अजून नाही. एवढं मी स्वतःशी तरी अधूनमधून कबूल करत आले — भित्री होते, वय लहान होतं, नोकरी जाईल असं वाटलं. भीतीला लोक समजून घेतात. पुढचं जे आहे, त्यात भीतीही नव्हती.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिचा डबा आणि एक जुनं लुगडं गोदामात राहिलं होतं, ते द्यायला. खरं सांगायचं म्हणून गेले होते का? वाटेत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते, एवढं आठवतं. तिनं मला ओट्यावर बसवलं, चहा ठेवला. सुनेला म्हणाली, ही आमची म्याडम, लई शिकलेली. मग माझ्यासमोर बसली आणि माझा हात हातात घेतला.

“तू सायबाला माज्यासाटी बोलली असशील ना गो? मना म्हायत हाय. तू बोलल्याबिगर रावनार न्हायस.”

तिला शंका नव्हती. ती विचारतही नव्हती, खरं तर. ‘नाही’ म्हणायची एवढी सोपी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

मी म्हणाले, “हो मावशी. खूप बोलले. भांडले. पण ऐकलंच नाही त्यांनी.”

आणि मी रडले. ते रडू खरं होतं — हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले. “रडू नको. आपली नोकरी सांबाल. माज्यामुलं तुज्यावर काय यायला नको.” निघताना तिनं अंगणातल्या वेलीवरच्या काकड्या माझ्या पिशवीत घातल्या. मी त्या घरी नेल्या. आम्ही खाल्ल्या. गोड होत्या.

हे ते. हे मी सांगितलेलं नव्हतं.

दर रविवारी पंचशील म्हणते. चौथ्या शीलाशी — खोटं बोलणार नाही — माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारणीला वाटतं, मला खोकला आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. ती नोकरी मी दोन वर्षांनी सोडली, एका प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत गेले. गोदामांमध्ये, शेतकरी मेळाव्यांमध्ये बोलू लागले. नर वासामागे कसा येतो, वास सगळीकडेच पसरवून दिला तर तो कसा भांबावतो आणि मादी त्याला सापडतच नाही. मारण्यापेक्षा समजून घेतलं तर किडा स्वतःच कसा सगळं सांगतो. लोकांना हे फार आवडतं. मलाही आवडतं. किड्यांविषयी मी कधी खोटं बोलले नाही.

आणि मावशी? तिचं काय झालं, ते मला उडत उडत कळत होतं. खाडीकाठच्या त्या तुकड्यात तिनं काकडी आणि दोडका केला. फळमाशी लागली. माशी कोवळ्या फळाला डंख मारून आत अंडी घालते, फळ वाकडं होतं, सडतं. मावशीनं कृषी खात्याच्या माणसाकडून फळमाशीची गोळी मिळवली आणि बाटलीचा सापळा केला. मग तिच्या लक्षात आलं की आपण एकटीनं लावला तर गावभरच्या माश्या आपल्याच वावरात येणार. गोदामाच्या दारातली तीच चूक. म्हणून ती बांधाबांधानं फिरली. भांडली, हातापाया पडली, आणि शेजारच्या सगळ्या बायकांना एकाच आठवड्यात सापळे टांगायला लावले. डंख लागलेली फळं रोज वेचायची, पिशवीत कोंडून उन्हात टाकायची, हाही तिचाच दंडक. पहिल्या हंगामात लोक हसले. दुसऱ्यात नाही हसले. आता त्या भागात काकडीवर फवारा मारणारा माणूस शोधावा लागतो म्हणे.

तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. ती बघायची, एवढंच. उडणाऱ्या, रांगणाऱ्या, सरपटणाऱ्या प्रत्येक जिवाकडे ती अशी बघायची, जणू तो काहीतरी बोलतो आहे आणि आपल्याला नीट ऐकू येत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे. अशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. माझी तर नाहीच.

गेल्या वर्षी गणेशपुरीला भाजी पिकवणाऱ्या बायकांचा मेळावा होता. मी प्रमुख पाहुणी. शाल, नारळ, मागे माझ्या नावाचा फलक. सभागृहात एसटीनं आलेल्या बायका बसत होत्या, आणि पहिल्याच रांगेत अंजूरच्या सहा-सात जणी. त्यांच्यामध्ये ती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. तिनं मला हात केला.

निवेदकानं माझी ओळख करून दिली आणि मी उठणार, तेवढ्यात तीच उठली. कुणी बोलावलं नव्हतं. सरळ मंचाशी आली, माईक मागितला.

“ही माजी म्याडम हाय,” ती म्हणाली. “हिनं मना शिकिवली. मना कामावरनं काडली तवा ही सायबासंगं माज्यासाटी भांडली व्हती. आपली नोकरी जाईल याचा इचार केला न्हाय. अशी मानसं हायेत अजून.”

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. काही बायका उभ्या राहिल्या. माईक तिच्या हातात होता, माझ्यापासून दोन पावलांवर. मी तो घेऊ शकत होते आणि एका वाक्यात सगळं सांगू शकत होते. मी हात जोडले. मान झुकवली. टाळ्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. त्याला तिथल्या लोकांनी नम्रता म्हटलं.

मग मी माईक घेतला, घसा साफ केला आणि सापळा कुठे टांगायचा आणि कुठे नाही, इथून सुरुवात केली. मावशी आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारणीला तिनं कोपरानं ढोसलं.

“लिवून घे गो,” ती म्हणाली. “ही सांगते ते समदं लिवून घे.”

मी बोलत राहिले.